समुद्रावरची सेवा खरी, पण कागद अपुरा : काय करावे?

प्रश्न : मी औसा तालुक्यातील आहे. लातूरला बारावी विज्ञान झाल्यावर डीएनएस (नॉटिकल सायन्समधील पदविका) केले आणि डेक कॅडेट (जहाजावरील शिकाऊ डेक अधिकारी) म्हणून दोन जहाजांवर काम केले. पहिल्या बल्क कॅरिअरवरच्या दहा महिन्यांची सगळी कागदपत्रे माझ्याकडे आहेत. दुसऱ्या, लहान प्रॉडक्ट टँकरवर मी साडेआठ महिने होतो. त्यातले शेवटचे जवळपास चार महिने मालकाकडे पैसे नसल्याने जहाज आखातातील एका बंदराबाहेर नांगर टाकून उभे होते. कॅप्टन आमच्या आधी घरी गेले, चीफ ऑफिसर जहाज सांभाळत होते. पुढे आम्हांला घाईघाईने उतरवले आणि माझ्या सीडीसीमध्ये (खलाशाच्या सेवेच्या नोंदवहीत) साइन-ऑफची, म्हणजे जहाज सोडल्याची, नोंद व शिक्का राहून गेला. सी-टाइमचे, म्हणजे समुद्रसेवेचे, पत्रही मिळाले नाही आणि ज्या एजन्सीने पाठवले होते तिथे कोणी फोन घेत नाही. मुंबईत एका सल्लागाराने दीड लाख रुपयांत दुसऱ्या एका जहाजावरचे चार महिने ‘बसवून देतो, सगळेच करतात’ असे सांगितले आहे. वडिलांनी माझ्या शिक्षणासाठी शेतीवर कर्ज काढले आहे, त्यामुळे सेकंड मेटची (जहाजावरील वॉच-अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची) परीक्षा लांबवणे परवडत नाही. माझे खरे दिवस मी कसे सिद्ध करू? हे चार महिने विकत घेऊ का? एका हार्बर टगवर (बंदरात मोठी जहाजे ओढणाऱ्या लहान बोटीवर) लगेच जागा मिळते आहे, ती घेऊन उरलेले दिवस भरून निघतील का? शिवाय माझा मेकॅनिकल इंजिनिअर झालेला चुलतभाऊ जीएमई (इंजिनिअर पदवीधरांसाठीचा जहाज-इंजिनाचा अभ्यासक्रम) करणार आहे, त्याने सुरुवातीपासून काय काळजी घ्यावी?

उत्तर : तुमच्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ते चार महिने विकत घेऊ नका. त्या सल्लागाराला पैसे दिले नसतील तर देऊ नका, आणि सीडीसी किंवा पासपोर्टची प्रत त्याच्याकडे दिली असेल तर तिचा वापर करण्यास माझी संमती नाही, असे त्याला आजच लेखी कळवून त्या संदेशाची नोंद स्वतःजवळ ठेवा. तुमच्यापाशी खऱ्या सेवेचे जे महिने आहेत ते सिद्ध करता येण्यासारखे आहेत. पण त्यांच्या शेजारी एक खोटा महिना ठेवला, तर तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा तुमच्या खऱ्या महिन्यांवरचाही विश्वास उडेल.

सी-टाइम म्हणजे जहाजावर राहिलेले दिवस, अशी समजूत आपल्याकडच्या मुलांमध्ये फार आढळते. ती अपुरी आहे. एसटीसीडब्ल्यू या खलाशांचे प्रशिक्षण व प्रमाणपत्रे यांविषयीच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारात, आणि २०१० मध्ये मनिला येथे झालेल्या त्याच्या मोठ्या सुधारणेनंतरही, समुद्रसेवा म्हणजे जे प्रमाणपत्र मागितले जात आहे त्याच्याशी सुसंगत अशी जहाजावरील सेवा, असाच अर्थ धरलेला आहे. ५०० जीटी (ग्रॉस टनेज, जहाजाच्या आकारमानाचे माप) किंवा त्याहून मोठ्या जहाजावर नॅव्हिगेशन वॉच (जहाज चालवण्याची पाळी) सांभाळणारा अधिकारी होण्यासाठी या कराराप्रमाणे मान्यताप्राप्त प्रशिक्षणाचा भाग म्हणून किमान १२ महिन्यांची सेवा आणि तिची नोंद असलेले ट्रेनिंग अँड रेकॉर्ड बुक (टार बुक) लागते. तसा अभ्यासक्रम नसेल तर ३६ महिने लागतात. या काळात कॅप्टनच्या किंवा पात्र अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या कक्षात) किमान सहा महिने वॉच केलेला असणे ही वेगळी अट आहे, आणि ती पुष्कळ उमेदवारांच्या लक्षात ऐनवेळी येते. भारतात डीएनएसमार्गे येणाऱ्या कॅडेटला १८ महिने आणि तीन वर्षांची नॉटिकल सायन्सची पदवी घेऊन येणाऱ्याला १२ महिने लागतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. म्हणजे तुमच्या बाबतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध व्हायला हव्यात : तुम्ही त्या जहाजावर त्या तारखांना होता, ते जहाज त्या काळात चालते जहाज होते, आणि तुम्ही त्यावर कॅडेटचे शिक्षण व वॉच खरोखर केला.

आपल्या भागात जमिनीचा ताबा पिढ्यान्‌पिढ्या एकाचा असतो आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे निघते, तेव्हा शेजाऱ्यांचे जबाब, जुने फेरफार, पीक पाहणीच्या नोंदी, सारा भरल्याच्या पावत्या असे सगळे एकत्र करून वहिवाट शाबीत करावी लागते. सी-टाइमचेही तसेच आहे. सीडीसीतील नोंद हा मुख्य उतारा झाला. तो अपुरा असेल तर ज्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्रपणे तयार झाल्या आणि ज्यांच्यावर तुमचा ताबा नव्हता, त्या सगळ्या एकच गोष्ट सांगतात हे दाखवावे लागते. अशा नोंदी समुद्रावर जमिनीपेक्षा जास्त असतात, आणि तुमच्या प्रकरणात मला आशा वाटते ती यामुळेच.

त्या कोणत्या, ते पाहा. तुमच्या पासपोर्टवर भारतातून निघाल्याचे आणि परतल्याचे इमिग्रेशनचे शिक्के आहेत. जाण्या-येण्याच्या विमान तिकिटांवर तारखा आहेत आणि ती कोणी काढून दिली हे बुकिंगच्या ई-मेलमध्ये आहे. जहाजावर चढण्यापूर्वी सही केलेला करार आहे. २००६ च्या मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनप्रमाणे (खलाशांच्या कामगार हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याप्रमाणे) अशा कराराची सही केलेली प्रत खलाशाजवळ असलीच पाहिजे. हे कन्व्हेन्शन भारताने २०१५ मध्ये स्वीकारले आहे. बँकेच्या पासबुकात स्टायपेंड जमा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि तो थांबला असेल तर थांबल्याची तारीखसुद्धा पुरावाच आहे. प्रत्येक बंदरात शिरताना जहाज क्रू लिस्ट देते. त्या यादीत तुमचे नाव, पद आणि सीडीसी क्रमांक असतो. विश्रांतीच्या तासांच्या तक्त्यावर तुमची सही दर महिन्याला झालेली असणार, कारण २४ तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाल्याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे आणि तिची प्रत खलाशाला द्यायची असते. ती प्रत तुम्ही घरी आणली असेल तर ती सोन्याच्या मोलाची आहे. आणि शेवटी, जहाज कोठे होते हे जहाज स्वतःच सांगत असते. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० जीटी आणि त्यावरील जहाजांना एआयएस ही जहाजाचा ठावठिकाणा आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा चालू ठेवावी लागते. तिचे जुने ठावठिकाणे साठवलेले असतात आणि ते पैसे देऊन मिळवताही येतात.

या नोंदी तुमच्या खऱ्या महिन्यांना आधार देतात, आणि सल्लागाराच्या खोट्या महिन्यांना त्याच नोंदी उघडे पाडतात. समजा त्याने एखाद्या जहाजाचे पत्र आणून दिले, त्यावर शिक्काही चांगला मारला. त्या तारखांना तुमच्या पासपोर्टवर देशाबाहेर गेल्याचा शिक्का कोठे आहे? ते जहाज ज्या बंदरात होते त्या देशात तुम्ही शिरलाच नाहीत. त्या जहाजाच्या क्रू लिस्टमध्ये तुमचे नाव नाही, आणि परवानाधारक एजन्सीने डीजी शिपिंगच्या (जहाजवाहतुकीच्या केंद्रीय सरकारी खात्याच्या) संगणक प्रणालीत भरायची साइन-ऑन व साइन-ऑफची माहिती तुमच्या इन्डॉस या खलाशाच्या राष्ट्रीय नोंदणी क्रमांकापुढे दिसत नाही. तुम्ही सादर केलेले पत्र तपासणारा अधिकारी थेट कंपनीला विचारू शकतो. आज नाही विचारले तरी पाच वर्षांनी प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाच्या वेळी, किंवा परदेशी ध्वजाची मान्यता घेताना, किंवा एखाद्या अपघाताच्या चौकशीत तो प्रश्न पुन्हा येऊ शकतो. बनावट कागद खरा म्हणून वापरणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे आणि तो वापरणारा म्हणून नाव तुमचे लागेल. पत्र विकणारा तोपर्यंत सिम कार्ड बदलून मोकळा झालेला असेल.

याहून महत्त्वाचे एक कारण आहे. सेकंड मेटचे प्रमाणपत्र हातात आले की रात्रीचा वॉच तुमच्याकडेही येतो. कॅप्टन खाली झोपलेले असतात, ब्रिजवर तुम्ही आणि एक लुकआउट, समोर मच्छीमार नौकांचे दिवे, आणि रडारवर दोन जहाजांचे अंतर कमी होत चाललेले. कॅडेट असताना अधिकाऱ्याच्या शेजारी उभे राहून ज्याने हे शेकडो वेळा पाहिले आहे, त्याला काय करायचे हे लगेच उमगते. ज्याचे चार महिने कागदावरच झाले, त्याच्याकडे ती नजर नसते, आणि त्याच्या हाती वीस-बावीस माणसांचा जीव असतो. ‘सगळेच करतात’ हे म्हणणे खरे नाही, आणि कोणी करत असेल तर त्याच्या जहाजावर तुमच्या घरच्या माणसाने झोपावे असे तुम्हांला वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिल्या आठवड्यात एक फाइल तयार करा. वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट तारखेच्या क्रमाने लावा आणि फाइलच्या सुरुवातीला स्वतःचे एक साधे निवेदन ठेवा : कोणत्या तारखेला, कोणत्या बंदरात साइन-ऑन झालो, जहाजाचे नाव, आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), ध्वज, जीटी, कोणकोणत्या बंदरांत गेलो, कोणत्या तारखेपासून जहाज नांगरावर उभे राहिले, कॅप्टन कधी उतरले, मी कधी आणि कसा उतरलो. हे निवेदन लिहिताना आठवणीवर विसंबू नका. प्रत्येक तारखेपुढे ती ज्या कागदावरून घेतली त्याचा उल्लेख करा. मोबाइलमधील छायाचित्रे मूळ स्वरूपात जपून ठेवा, कारण त्यांत तारीख आणि पुष्कळदा जागाही नोंदलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या प्रतीत ती माहिती बहुधा उरत नाही. नांगरावर उभ्या असलेल्या काळाच्या तारखा लपवण्याचा किंवा धूसर करण्याचा मोह अजिबात होऊ देऊ नका. तुम्ही स्वतः ते लिहिले असेल तर बाकीच्या साडेचार महिन्यांवर शंका घेण्याचे कारण राहत नाही. अधिकाऱ्याला ते आपणहून सापडले तर सगळी फाइल संशयात जाते.

दुसरे काम एजन्सीला लिहिण्याचे. फोन सोडून द्या. ई-मेल आणि पोस्टाने रजिस्टर्ड एडी असे दोन्ही करा, पोचपावती फाइलला लावा. प्रथम त्या एजन्सीकडे आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का, ते डीजी शिपिंगच्या यादीत पाहा. मुंबईतील परवान्याचा क्रमांक ‘आरपीएसएल-एमयूएम’ अशा अक्षरांनी सुरू होतो आणि तो तुमच्या करारावर किंवा नेमणुकीच्या पत्रावर असायला हवा. परवाना असेल तर तुमची बाजू बळकट आहे, कारण २०१६ च्या नियमांनी परवानाधारकावर खलाशांच्या नोंदी ठेवण्याची आणि त्यांच्या तक्रारी सोडवण्याची जबाबदारी टाकली आहे आणि त्याला त्यासाठी बँक हमीही द्यावी लागते. पत्र लांबलचक नको. नमुना असा :

‘मी, अमुक इन्डॉस आणि अमुक सीडीसी क्रमांकाचा डेक कॅडेट, आपल्यामार्फत अमुक आयएमओ क्रमांकाच्या जहाजावर अमुक तारखेस रुजू झालो आणि अमुक तारखेस उतरलो. माझ्या सीडीसीमध्ये साइन-ऑफची नोंद झालेली नाही आणि समुद्रसेवेचे पत्र मला मिळालेले नाही. कृपया १५ दिवसांत समुद्रसेवेचे पत्र द्यावे, साइन-ऑफची नोंद पूर्ण करून द्यावी आणि ऑनलाइन प्रणालीत माझी साइन-ऑन व साइन-ऑफची माहिती भरली आहे किंवा नाही ते कळवावे. क्रू लिस्टची साक्षांकित प्रतही मिळावी.’

यात राग नको, आरोप नको, पैशाचा विषयही याच पत्रात नको; थकलेल्या स्टायपेंडसाठी वेगळे पत्र लिहा. मुदतीत उत्तर आले नाही तर हेच पत्र आणि त्याची पोचपावती जोडून डीजी शिपिंगकडे तक्रार करा. तोंडी सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा उत्तर न आलेल्या पत्राची ही एक पोचपावती तिथे अधिक चालते. मेरीटाइम युनियन ऑफ इंडिया ही अधिकाऱ्यांची संघटना आणि बंदरोबंदरी निरीक्षक असलेली आयटीएफ ही वाहतूक कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्याकडेही जाता येते, विशेषतः तुमच्यासारख्या प्रकरणात, जिथे मालकाने जहाज वाऱ्यावर सोडल्याची शंका आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबतो. मालकाने किमान दोन महिन्यांचे पगार थकवले, अन्नपाणी दिले नाही किंवा घरी पाठवण्याची व्यवस्था केली नाही, तर त्याला मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनच्या भाषेत खलाशांना वाऱ्यावर सोडणे असेच म्हणतात. २०१७ पासून अशा प्रसंगी घरी परतण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार भागवणारी आर्थिक हमी मालकाने ठेवणे बंधनकारक आहे आणि तिचे प्रमाणपत्र जहाजावर दिसेल अशा ठिकाणी लावलेले असते; हमी देणारी संस्था बहुतेक वेळा एखादा पी अँड आय क्लब (जहाजमालकांची परस्पर विमा संस्था) असतो. अशा जहाजांची नोंद आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) यांच्या संयुक्त यादीतही केली जाते. तुमच्या जहाजाचे नाव त्या यादीत आहे का, ते पाहा. असेल तर जहाज कधीपासून अडकले, ध्वज कोणाचा, किती खलाशी होते, ही माहिती तुमच्या निवेदनाला बाहेरचा दुजोरा देईल, आणि सीडीसीतील शिक्का का राहिला याचे कारणही आपोआप स्पष्ट होईल.

तिसरे काम माणसे शोधण्याचे. जे कॅप्टन आधी उतरले ते स्वतः जहाजावर होते तेवढ्याच काळापुरते तुमच्याविषयी लिहू शकतात. पुढच्या काळाविषयी चीफ ऑफिसर लिहू शकतील. दोघांना वेगवेगळी पत्रे मागा आणि त्यांना मसुदा तुम्ही लिहून देऊ नका. काय माहिती हवी एवढेच सांगा. चांगल्या पत्रात जहाजाचे नाव, आयएमओ क्रमांक, जीटी, प्रवासाचे क्षेत्र, तुमचे पद, दोन्ही तारखा, आणि ‘या काळात कॅडेटने माझ्या देखरेखीखाली ब्रिजवर अमुक महिने वॉच केला’ हे वाक्य स्पष्ट असते. खाली लिहिणाऱ्याचे पूर्ण नाव, त्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, सही आणि चालू ई-मेल पत्ता. ‘कॅडेट मेहनती आहे, वर्तन चांगले आहे’ एवढेच लिहिलेले पत्र वाचायला बरे वाटते, पण वॉचचा प्रश्न त्याने सुटत नाही. एक गोष्ट कटाक्षाने पाळा : कोणीही मागची तारीख घालू नये. पत्र आज लिहिले जात असेल तर त्यावर आजचीच तारीख असावी आणि जुन्या काळाविषयी ते आज लिहीत आहोत, असे त्यात म्हटलेले असावे. सीडीसीच्या रिकाम्या रकान्यात तर तुम्ही किंवा घरच्या कोणी चुकूनही पेन लावू नका. रुजू होण्याची तारीख व ठिकाण, उतरण्याची तारीख व ठिकाण, पद, जहाजाचा तपशील आणि सही असे ते रकाने असतात, आणि ते भरण्याचा अधिकार तुमचा नाही.

टार बुकाविषयी तुम्ही पत्रात काही लिहिलेले नाही, म्हणून विचारतो : दुसऱ्या जहाजावरची पाने कोणत्या तारखेपर्यंत भरलेली आहेत? प्रत्येक कामापुढे अधिकाऱ्याची सही आणि तारीख असते, आणि कॅप्टनचा वेळोवेळीचा शेराही. हे पुस्तक म्हणजे तुमच्या शिक्षणाची रोजनिशी आहे आणि तपासणारा अधिकारी ते पान उलटून उलटून पाहतो. जहाज नांगरावर उभे असताना ‘किनाऱ्याजवळून जाताना टेरेस्ट्रियल फिक्स घेतला’ (किनाऱ्यावरील खुणांवरून जहाजाचे स्थान काढले) अशी सही असेल तर ती तुम्हांला अडचणीत आणेल; उलट त्याच काळात ‘अँकर वॉच, नांगर घसरतो आहे का ते बेअरिंगने तपासले’ अशी सही असेल तर ती खरी आहे आणि तिचा मान राखला जाईल. सही राहिलेल्या कामांवर आता सह्या गोळा करत फिरू नका. ती कामे पुढच्या जहाजावर पुन्हा करा.

ही सगळी फाइल घेऊन डीजी शिपिंगच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट या कार्यालयाकडे सी-टाइमच्या असेसमेंटसाठी (तपासून मोजणीसाठी) अर्ज करा. तुमचे पहिले दहा महिने निर्विवाद आहेत. दुसऱ्या जहाजाचे चालत्या काळातले साडेचार महिने पुराव्याने उभे राहतील, अशी मला चांगली आशा आहे. नांगरावरचे चार महिने धरले जातील, असे मानून मात्र पुढचे बेत आखू नका. बंदराबाहेर माल उतरवण्यासाठी आठ-दहा दिवस थांबणे हा प्रवासाचाच भाग असतो, पण मालकाच्या दिवाळखोरीमुळे महिनोन्‌महिने बंद पडलेले जहाज ही वेगळी गोष्ट आहे. म्हणजे १८ पैकी तुमच्या हाताशी साडेचौदा महिने, आणि साधारण साडेतीन महिने शिल्लक, असा हिशेब धरा. निर्णय काहीही लागो, तो लेखी मागा.

महिने मोजण्याची सर्वसाधारण रीत माहीत असावी म्हणून सांगतो. १४ मार्चला चढून २ नोव्हेंबरला उतरला, तर १४ मार्च ते १३ ऑक्टोबर हे सात पूर्ण महिने, आणि १४ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर हे दोन्ही टोके धरून २० दिवस. वेगवेगळ्या जहाजांवरचे असे सुटे दिवस एकत्र करून ३० दिवसांचा एक महिना धरतात. हिशेब अगदी काठावर आणून उतरू नका. पंधरा-वीस दिवस जास्तीचे असू द्या, नाहीतर एका तारखेच्या फरकासाठी पुन्हा जहाज शोधावे लागते, आणि कॅडेटला जहाज मिळायला किती वाट पाहावी लागते हे तुम्ही अनुभवले आहेच. पुढच्या जहाजावर दर महिन्याच्या शेवटी अर्धा तास काढून विश्रांतीच्या तक्त्याची प्रत, टार बुकाच्या सह्या आणि बंदरांच्या तारखा स्वतःच्या वहीत लावून घ्या. उतरण्याच्या आदल्या दिवशीच सीडीसी आणि सी-टाइमचे पत्र कॅप्टनच्या ऑफिसात नेऊन वाचून पाहा. जहाजाच्या शिडीपाशी टॅक्सी उभी असताना चुकीची तारीख दुरुस्त होत नाही.

तुमच्या चुलतभावासाठी. जीएमई झाल्यावर त्याची मोजणी जीटीवर नव्हे, मुख्य इंजिनाच्या शक्तीवर होईल : ७५० किलोवॉट किंवा त्याहून अधिक शक्तीचे जहाज हवे आणि देखरेखीखाली इंजिन रूममध्ये किमान सहा महिने वॉच हवा. त्याच्या पत्रात म्हणून इंजिनाचा प्रकार आणि किलोवॉट हे दोन्ही लिहिलेले असले पाहिजेत. नोकरी देण्यासाठी त्याच्याकडून कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत यावे. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनप्रमाणे वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी आणि पासपोर्टसारखी प्रवासाची कागदपत्रे एवढ्यांचाच खर्च खलाशावर टाकता येतो. व्हिसासुद्धा मालकाच्या खर्चाचा. लातूर, नांदेड, परभणीकडून मुंबईला जाणाऱ्या मुलांच्या घरी समुद्रावरचे कोणी नसते, त्यामुळे ‘परदेशी सीडीसी आठ दिवसांत, जहाज हमखास’ असे सांगणाऱ्यांचे फावते. घाई दाखवणाऱ्याकडे त्याने पाठ फिरवावी.

आणि जहाजाचे नाव मिळाले की त्याने आयएमओ क्रमांक विचारावा. तो सात आकडी असतो, नाव आणि ध्वज बदलले तरी बदलत नाही, आणि त्याचा शेवटचा आकडा पडताळता येतो. ९०७४७२९ हा क्रमांक घ्या. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा : ६३, ०, ३५, १६, २१, ४. बेरीज १३९. बेरजेचा शेवटचा आकडा ९, क्रमांकाचाही शेवटचा आकडा ९. क्रमांक रचनेने बरोबर आहे. बेरीज जुळली नाही तर कागदावर काहीतरी चुकले आहे किंवा काहीतरी रचलेले आहे. जुळली तरी तेवढ्यावर थांबू नये. इक्वासिस या विनामूल्य माहितीकोशात नाव नोंदवून ते जहाज कोणाचे, किती वर्षांचे, बंदरांत तपासणीसाठी किती वेळा अडवले गेले, हे पाहावे. अडकून पडणारे जहाज बहुतेक वेळा आधीच्या काही वर्षांत तिथे खुणा सोडून गेलेले असते.

राहिला टग. हार्बर टगवर काम शिकायला पुष्कळ मिळते, ते काम कमी प्रतीचे मुळीच नाही, पण तुमच्या प्रमाणपत्राची पायरी ५०० जीटीची आहे आणि हार्बर टग सहसा तिच्या बराच खाली असतो. शिवाय बंदराच्या आतल्या फेऱ्या आणि समुद्रप्रवास यांत फरक केला जातो. उरलेल्या साडेतीन महिन्यांसाठी ती जागा घेतलीत तर ते महिने पुन्हा वाया जाण्याचा धोका आहे. घरी पैशाची निकड असेल आणि केवळ उत्पन्नासाठी ती नोकरी करायची असेल तर तसा निर्णय उघड्या डोळ्यांनी घ्या आणि वडिलांनाही तसेच सांगा. अन्यथा ज्या कंपनीच्या बल्क कॅरिअरवर तुमचे पहिले दहा महिने झाले तिलाच आधी लिहा, कारण तुमचे काम पाहिलेली माणसे तिथे आहेत आणि अपुऱ्या राहिलेल्या कॅडेटला एका प्रवासापुरते पुन्हा घेणे त्यांना नव्या मुलापेक्षा सोपे जाते. जागा कोठेही मिळो, होकार कळवण्यापूर्वी टनेज सर्टिफिकेटची प्रत मागवा, त्यावरचा जीटीचा आकडा स्वतः वाचा, आणि करारात तुमचे पद ‘डेक कॅडेट’ असेच लिहिले आहे ना, ते पाहून मगच सही करा.